उबेची जागा

माझ्या नवऱ्याचा थुंकीवर लय भरवसा. सुईत दोरा ओवायचा तर थुंकी, पाकीट चिकटवायचं तर थुंकी, पायात काटा मोडला तर वरून थुंकी. जीपचा फ्यूज उडाला तरी थुंकीच. पानटपरीसमोर लोक सिगारेटची रिकामी पाकिटं टाकतात, त्यातला चांदीचा कागद किशोर वेचून आणतो. चिखलात पडलेला असो, कुणी वर पिंक टाकलेली असो, पँटीला पुसतो आणि वरच्या खिशात ठेवतो. फ्यूज उडाला की एक तुकडा काढायचा, जिभेवरून फिरवायचा, फ्यूजच्या दांडीला गुंडाळायचा आणि खाचेत दाबायचा. दिवे लागतात. मग माझ्याकडं बघून भुवया उडवतो. मला ओकारी येते. लग्नाला सहा वर्षं झाली, अजून येते.

मी वायरमनचा कोर्स केलाय. पेठला आयटीआयमध्ये दोन वर्षं, वर्गात बावीस पोरं आणि मी एकटी. सर्टिफिकेट सासरी पत्र्याच्या पेटीत सासूच्या लुगड्यांखाली पडलंय. दारावरचा बल्ब गेला तरी किशोर येईस्तोवर अंधारात बसतात, मला कुणी सांगत नाही. माझं काम म्हणजे पावसाळ्यात भात-नागली, आणि दिवाळी झाली की दिंडोरीकडच्या द्राक्षबागा.

आमची जीप बागांना माणसं नेते. सुरगाण्याच्या अलीकडं आमचा पाडा, तिथून पहाटे साडेचारला निघायचं, घाट उतरायचा, उजाडताना बागेत. जीप माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असेल. बसायची जागा दहा जणांची, बसतात चोवीस. मागं दोन बाकडी समोरासमोर, मधल्या पत्र्यावर पोत्यावर बसलेल्या बाया, मागच्या फळीवर लटकलेले गडी. थंडी पडली की किशोर चारी बाजूंनी ताडपत्री ओढतो आणि मागून सुतळीनं आवळून बांधतो. आत चोवीस माणसांचा श्वास, तंबाखू, शिळ्या भाजीचे डबे, ओल्या गोधड्या. आणि या सगळ्याच्या खाली एक जळकट वास, रबराचा.

तो वास मला पहिल्या दिवशीच कळला. बाकीच्यांना वाटायचं गाडीचाच वास तो, जुन्या गाडीला असतो.

किशोरनं गाडीवर काय काय चढवलं होतं. टपावर दोन मोठे हॅलोजन, आतून रंगीत लाईटची पट्टी, तीन आवाजांचा हॉर्न, आणि तुळशीचं लग्न झालं की वऱ्हाडं मिळतात म्हणून साउंडचा डबा न् दोन भोंगे. एवढं सगळं एकाच जुन्या वायरवर. ती वायर पुढून निघून आतल्या कोपऱ्यातल्या बाकड्याखालून मागं गेलेली. करंगळीच्या निम्मीही जाड नाही. ती तापायची.

आता ऐका. त्या कोपऱ्यातलं बाकडं उबदार लागायचं. डिसेंबरातली पहाट, हातपाय काकडलेले, आणि तिथं रेक्झिनवर बसलं की खालून ऊब यायची. त्या जागेसाठी बाया भांडायच्या. अंजली म्हणून एक तोंडाळ बाई होती, ती तर साडेचारच्या ऐवजी चारलाच येऊन ती जागा धरायची. त्या कोपऱ्याला 'उबेची जागा' असं नावच पडलं होतं. कुणाला ताप असला, कुणाची कंबर धरली असली, तर म्हणायचे, "बस गं तू आज उबेच्या जागेवर."

माझी नणंद सविता कार्तिकात बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना. नवरा गुजरातेत बांधकामावर. बाळंतपणाला आली खरी, पण आठ दिवस घरी बसली न् म्हणाली, "वहिनी, मी बी येते बागेला, हातानं विरळणी करायची, त्यात काय वजन हाय." सासूनं, अक्काबाईनं, नको म्हटलं नाही. उलट सगळ्यांना सांगितलं, "माझी पोर पोटुशी हाय, उबेची जागा तिची." आणि खरंच, अंजलीसकट सगळ्या बाया सरकल्या. कुणी कुरकुरलं नाही. अंजलीनं आपली गोधडीसुद्धा तिच्या पायावर टाकली. एवढ्या मायेनं त्यांनी तिला पेटत्या वायरीवर बसवलं. त्या मायेनं माझं डोकं उठलं.

घाटात सविता ओकायला लागली. रोज. ताडपत्री वर करून बाहेर ओकायची, निम्मं बाहेर, निम्मं माझ्या मांडीवर. "पोटुशी हाय, वकणारच," अक्काबाई म्हणायची. मी म्हटलं, "आई, तिच्या खालची वायर जळतीय. तो धूर तिच्या नाकात जातोय."

"मग आम्ही का वकत नाय?"

"अंजली वकली की परवा."

"तिला गाडी लागती."

बागेत गेलं की दिवसभर हात वर. बागाईतदार कारभारी तात्या, बरा माणूस, पण बोलण्यात नुसता घड आणि मणी. घडातले जादाचे मणी कात्रीनं काढायचे, मग एकेक घड औषधाच्या मगात बुडवायचा. हात वर धरला की ते गार पाणी मनगटावरून कोपरात, कोपरातून काखेत उतरतं. दुपारपर्यंत ब्लाऊज ओला. मान आखडते, बोटांची साल निघते, आणि हाताला औषधाचा वास राहतो तो रात्री भाकरीला येतो. सविता बुटकी, तिला टाचा उंचावाव्या लागायच्या. पोट पुढं, टाचा वर. तात्यांनी तिला एक खोकं दिलं उभं राहायला.

जेवणाच्या सुट्टीत मी जीपपाशी गेले. किशोर झाडाखाली झोपला होता. मी कोपऱ्यातलं बाकडं उचललं. खाली बघितलं. त्या एका वायरीला किशोरनं आणखी तीन जोडल्या होत्या, चारींचं वरचं प्लास्टिक वितळून एकमेकीला चिकटलं होतं. बोट लावलं तर चिकट, काळं. एका जागी तांबं उघडं. शेजारी पोत्याचा तुकडा, त्यावर डिझेलचे डाग, आणि त्याच्याखाली कुणीतरी कोंबलेली उलटीची पिशवी. पिशवीचं एक टोक आकसून आत ओढलं गेलं होतं. आग अशीच लागते. एकदा लागली की ताडपत्री, गोधड्या, पोती. आणि बाहेर पडायची वाट एकच, मागची, सुतळीनं बांधलेली. त्या वाटेपासून सगळ्यात लांब कोण, तर सविता.

किशोरला उठवून दाखवलं. त्यानं बघितलं, तंबाखू मळली.

"जुनी वायर हाय. तापतीच."

"तापायला नको. तापायच्या आधी फ्यूज उडायला पायजे. तू चांदी गुंडाळतो म्हणून उडत नाही."

"मग बरंच हाय ना. उडत नाय तर बरंच हाय ना." तो खरंच न कळल्यासारखा बघत होता. "पयले रोज उडायचा. चांदी लावली तवापासून एकदाबी उडाला नाय. तो दुसरा जीपवाला सहादू, त्याच्या गाडीचा आठवड्याला दोनदा उडत होता, त्याला मीच शिकवलं."

असं त्याचं म्हणणं. आमच्याकडं सगळ्यांचंच. फ्यूज उडाला म्हणजे गाडी बिघडली, नाही उडाला म्हणजे गाडी चांगली.

घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. मंगळू माझे सासरे, शांत माणूस, कुणाला उलट बोलत नाहीत. ते म्हणाले, "मी बघतो." सोमवारी बाजारात गेले, नवीन फ्यूज घेऊन आले. मला बरं वाटलं. हातात घेऊन बघते तर निळा. पंचवीसचा.

"बाबा, याला आठाचा पांढरा लागतो."

"दुकानदार तेच बोलला. आठाचा देऊ का, सोळाचा देऊ. म्या बोललो, अरे, माणसं चोवीस बसत्यात आमच्या गाडीत. आठात काय होणार? चोवीसचा हाय का? तर बोलला, पंचवीसचा हाय." त्यांनी समाधानानं मान हलवली. "एक जास्तीच घेतला."

हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी म्हटलं, "बाबा, हा आकडा माणसांचा नाही, करंटचा." ते म्हणाले, "माणसं बसल्याबिगर करंट कुठं लागतो?" किशोरनं तो पंचवीसचा बसवला आणि खात्रीसाठी वर चांदी गुंडाळली. जीभ फिरवून.

पुढच्या सोमवारी मी स्वतः गेले. दुकानदारानं मला वरून खालपर्यंत बघितलं, मालक कुठंय विचारलं. मी पांढरे फ्यूज घेतले, आठाचे, पाकीटभर. संध्याकाळी किशोर टपरीवर गेला तेव्हा डॅशबोर्डाखालची डबी उघडून चांदी काढली. ती जिथं तिथं चिकटली होती, नखानं खरवडावी लागली. किशोरच्या थुंकीवर धूळ बसून काळं कीट झालेलं. ते माझ्या नखात गेलं. निळ्याच्या जागी पांढरा बसवला. राखेनं तीनदा हात धुतले तरी मला भाकरी जाईना.

मी किशोरला सांगितलं नाही, ही माझी चूक. सांगितलं असतं तर त्यानं बदलू दिलं नसतं, हेही खरंच.

दुसऱ्या दिवशी घाटापर्यंत सगळं नीट. हॅलोजन न् साउंड अजून बंद, म्हणून रबराचा वास नाही. सविता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेली. अंजली रेक्झिनला हात लावून म्हणाली, "आज उबेची जागा गारच हाय गं." मी मनात म्हटलं, असू दे. मग घाटात धुकं लागलं, किशोरनं टपावरचे हॅलोजन लावले. झोप येऊ नये म्हणून साउंड लावला. आणि फ्यूज उडाला. जसा उडायला पाहिजे तसाच.

पुढचे दिवे, आतले दिवे, गाणं, सगळं एकदम गेलं. काळाकुट्ट अंधार. किशोरनं ब्रेक दाबला, जीप हेलपाटली आणि कठड्याच्या अलीकडं थांबली. आत बाया एकमेकींवर पडल्या. डबे सांडले, कुणाच्या तरी डब्यातलं कालवण माझ्या पाठीवरून ओघळलं. सविता पोट धरून बसली होती. "वहिनी, काय झालं?" एवढंच म्हणाली.

किशोरनं मोबाईलच्या उजेडात डबी उघडली. पांढरा फ्यूज बघितला. तो मागं आला, सुतळी सोडली, ताडपत्री वर केली.

"कोणी काढली चांदी?"

"मी," मी म्हटलं. "फ्यूज उडाला म्हणून वायर वाचली. नाहीतर ती पेटली असती. खाली सविता बसलीय."

मला वाटलं, कळलं असेल. मग बुधा, सगळ्यात म्हातारा गडी, शांतपणे म्हणाला, "पोरी, आंधारात दरीत गेलो असतो ना आपण." आणि मग सगळेच. शिकलेली हाय म्हणून काय जीव घेणार का. उशीर झाला, आज तात्या घेणार नाय, हजेरी बुडाली. अंजली म्हणाली, "नवऱ्याच्या गाडीला बाईनं हात लावायचाच कशाला?" आणि खरं सांगायचं तर त्यांच्या रागात खोटं काही नव्हतं. दिवे गेलेच होते. दिवे आणि भोंगे एकाच फ्यूजवर जोडणारा माझा नवरा, पण अंधार मी केला होता.

किशोरनं वरच्या खिशातून चांदीचा तुकडा काढला आणि माझ्यापुढं धरला. "तू काढली ना. आता तूच लाव."

"मी नाही लावणार."

"मग चोवीस माणसं हितंच बसतील."

सगळे बघत होते. कुणाच्या तरी हातात मोबाईलचा उजेड. मी उतरले. पुढं जाऊन खाली वाकले. कागद फ्यूजला बसेना, घरंगळायचा. किशोर माझ्या डोक्यावरून म्हणाला, "थुंकी लाव की. कोरडा कसा बसंल?" मागून कुणीतरी हसलं. टपरीसमोरच्या चिखलातला तो कागद. मी जिभेला लावला. तंबाखूची चव होती, कडू, आणि खाली माती. मी गुंडाळला, खाचेत दाबला. दिवे लागले. बायांनी हुश्श केलं. गाणंसुद्धा जिथं थांबलं होतं तिथून सुरू झालं.

मग मी रस्त्याच्या कडेला जाऊन ओकले. आतून अक्काबाई म्हणाली, "हिला बी दिवस गेले का काय?" सगळी जीप हसली. सविताही.

उशीर झाला म्हणून तात्यांनी सगळ्यांची अर्धी हजेरी कापली. दिवसभर ती चव तोंडात होती. कात्री चालवत होते, मणी गळत होते आणि मला माझीच किळस येत होती. त्यानं चांदी लावली तर त्याची अक्कल तेवढीच. मी तर शिकले होते. मी आठ आणि पंचवीसमधला फरक जाणून ती लावली, चार लोक हसतील म्हणून. परत येताना सविता तिथंच, कोपऱ्यात. म्हणाली, "आता ऊब आली बघ परत."

घरी पोचलो तेव्हा ऊन होतं अजून. किशोर आंघोळीला गेला. मी पक्कड घेतली, बॅटरीचं टोक सोडलं, बाकडं उचललं आणि त्या चारी वायरी कापल्या. दोन्ही टोकांना कापल्या, मधला तुकडा ओढून बाहेर काढला आणि अंगणात टाकला. जळलेल्या कातड्यासारखा दिसत होता. सासरे ओट्यावर बसले होते. त्यांनी बघितलं.

किशोर अंगावर टॉवेल घेऊन आला. मला वाटलं, मारेल. मारलं नाही.

"नवी वायर मी टाकून देते," मी म्हटलं. "जाड वायर, प्रत्येकाला वेगळा फ्यूज. दिव्यांना वेगळा, साउंडला वेगळा. दोन दिवस लागतील. मला येतं ते."

"माझ्या गाडीत बाईनं वायरिंग केली म्हणून गावात तोंड दाखवू?" तो म्हणाला. "वणीचा मिस्तरी येईल. त्याच्या सवडीनं येईल." मग त्यानं फोन काढला आणि सहादूला लावला. "दादा, माझी माणसं उद्यापासून तुझ्या गाडीत घे."

पहाटे सहादूची जीप आली. आमच्यापेक्षा जुनी. तीच ताडपत्री, तीच सुतळी. मी सरळ पुढं गेले, डॅशबोर्डाखाली हात घालून डबी उघडली. फ्यूजच्या जागी खिळा होता. पत्र्याच्या छपराला मारतात तसला, दोन इंची, डोकं काढून ठोकलेला.

सहादू हसला. भला माणूस, पोरांना चॉकलेट वाटणारा. "किशोरनं चांदी शिकवली, म्या म्हटलं चांदी तरी कशाला? खिळाच घालू. दोन वरसं झाली वहिनी, काय बी कटकट नाय."

मी सविताचा हात धरला. तिचा एक पाय वर होता. "सविता, नको जाऊस. माझं ऐक. घरी बस."

"सोड वहिनी. तुझ्या पायी अर्धी हजेरी गेलीच. तू येऊ नको पायजे तर." तिनं हात सोडवला. बायांनी आतून तिला ओढून घेतलं, कोपऱ्यापर्यंत वाट करून दिली. ताडपत्री खाली आली. मी अंगणात उभी राहिले. लाल दिवे वळणावर गेले तरी उभी होते.

तो दिवस मी कसा काढला, माझं मला ठाऊक. भांडी घासताना कान रस्त्याकडं. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे. दुपारी सासरे म्हणाले, "जेव." मी म्हटलं, भूक नाही. मी डोळ्यांपुढं सगळं बघून घेतलं होतं, सुतळीची गाठ, आतून येणारा आवाज, सगळं.

संध्याकाळी जीप आली. गेलेली सगळी माणसं उतरली. हसत, खोकत, डबे वाजवत. सविता कंबरेवर हात ठेवून उतरली आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "बघ," म्हणाली, "काय झालं?"

काही झालं नव्हतं. ते बघून मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्याच्या मागोमाग जे आलं ते सांगायला मला लाज वाटते. मला वाटलं, थोडा तरी धूर निघायला हवा होता. कुणाचं लुगडं करपायला हवं होतं. अक्काबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्या लेकाची गाडी मोडून ठेवली हिनं, फुकट." उद्याही काही होणार नाही कदाचित, परवाही. जितके दिवस होणार नाही तितके दिवस मी खोटी. आणि ज्या दिवशी होईल त्या दिवशी कोपऱ्यात सविता.

रात्रभर विचार केला नाही, झोपले. पहाटे उठून डबा बांधला आणि सगळ्यांच्या आधी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. सहादूची जीप आली, तशी पहिली चढले. आतल्या कोपऱ्यात जाऊन बसले. इथंही वायर तिथूनच गेलेली, रेक्झिन आधीच कोमट. पिशवी मांडीवर घेतली आणि पाय रोवले.

बाया चढल्या. सविता मागच्या दारापर्यंत आली आणि थांबली.

"वहिनी, ती माझी जागा हाय."

"तू तिथं दाराशी बस. फळीजवळ."

"तिथं गार वारं लागतं."

"लागू दे. गोधडी घे."

"छाया, ऊठ," अक्काबाई म्हणाली. "पोटुशी बाई हाय ती. लाज वाटती का काय?"

"नाही उठणार."

अंजलीनं माझा दंड धरून ओढलं. मी बाकड्याची लोखंडी पट्टी धरून बसले. तिनं आणखी एकदा ओढलं, माझ्या ब्लाऊजची बाही उसवली. सहादूनं पुढून हॉर्न दिला, उशीर होतोय म्हणाला. मग सविता दाराशी बसली, वाऱ्याच्या तोंडावर, ताडपत्रीच्या गाठीपासून हातभर. उतरायला एक पाऊल.

"शिकलेली ना," अंजली सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चांगली जागा बरोबर हेरली."

"नवऱ्याची गाडी मोडली ती ह्याच्यासाठीच," दुसरी कुणीतरी म्हणाली. अक्काबाईनं माझ्या दिशेनं थुंकल्यासारखं केलं आणि तोंड फिरवलं. घाट लागला, वास यायला लागला. मी पदर नाकाला धरला आणि खालचं रेक्झिन तापत जाताना घाटाची वळणं मोजत राहिले. बागेत सवितानं माझ्या शेजारची ओळ सोडली आणि लांबची धरली.